दोन नजरांच्या मधे

रोपवेचा डबा दरीच्या मध्यावर आला आणि झुलायला लागला. उद्यापासून त्यात लोक बसणार होते, म्हणून आज मी एकटा बसलो होतो. तपासनीस असण्याचा हाच एक फायदा, मरायचं झालं तर पहिला नंबर आपला.

मी वॉकीटॉकी उचलला. "साहेब, झोका लागलाय."

साहेब म्हणजे माझी वहिनी. डब्याचा झोका आवरणारी यंत्रणा तिनेच बसवलेली. कंट्रोल रूममधून ती म्हणाली, "स्क्रीनवर झोक्याची रेष सरळ आहे. डबा हलत नाहीये."

"मग काय मी हलतोय?"

"तुझं काही सांगता येत नाही. मागच्या वेळी दोर तुटला म्हणून बोंबललास, सगळे धावत सुटले."

खरं होतं. गंमत केली होती मी, आणि आता ती अंगाशी आली होती.

यंत्र डब्याकडे सतत बघत नाही. ठरावीक वेळाने एकदा बघतं, झोका आवरणाऱ्या मोटरला काय करायचं ते सांगतं आणि पुन्हा डोळे मिटतं. आधी ते वरचेवर बघायचं, तर मोटर सारखी कुरकुरायची. वहिनीने दोन नजरांमधलं अंतर वाढवलं आणि सगळं शांत झालं. छतातला कॅमेराही तिने त्याच ठोक्याला बांधला, म्हणजे फोटो आणि आकडे जुळावेत. तिच्या या नेटकेपणाचं आमच्या घरात कोण कौतुक!

माझी पिशवी घसरत या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली. मी दाराशेजारचा बार धरला. डबा उजवीकडून परतला, क्षणभर सरळ झाला, आणि नेमका तेव्हाच कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला. प्रत्येक नजरेनंतर देते तसा मोटरने हलकासा झटका दिला. डबा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, परतताना सरळ झाला. दिवा लुकलुकला. झटका.

कुणी बघत असेल तेवढ्यापुरता हा डबा शहाण्यासारखा सरळ होत होता. नजर मिटली की झुलत होता, आणि दर झटक्याला जास्तच. समोर लोखंडी खांब जवळ येत होता. असाच झुलत गेलो तर डबा त्यावर आपटणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

"साहेब, बघा ना!"

"बघतेय. सरळ आहे."

तिचा तो शांत आवाज मला खांबापेक्षा भयंकर वाटला.

"वहिनी," मी म्हणालो. कामावर मी तिला कधीच वहिनी म्हणत नाही. "स्क्रीन सोड. पडदा उघड आणि खिडकीतून बघ."

उन्हाची तिरीप नको म्हणून तिथला पडदा कायम ओढलेला असतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अगं बाई! घट्ट धरून ठेव. ठोका बदलते."

दिवा आता भलत्याच वेळी लुकलुकू लागला. डबा तिरका असताना, अगदी टोकाला असताना. मोटर कुरकुरली. ती कुरकुर ऐकून मला रडू आलं. झोका उतरत गेला, आणि खांबाने दाराचा फक्त रंग खरवडला.

खाली उतरलो तेव्हा वहिनी परत स्क्रीनसमोर बसली होती. तिने मला फोटो दाखवले. प्रत्येकात डबा सरळ, पिशवी वेगळ्याच जागी, आणि बार धरून तोंड वासलेला मी.

"हे माझ्या समोर येत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, नाटकं करतोयस."

मग तिने मागच्या आठवड्याचे फोटो उघडले. तेव्हा माणसांऐवजी वाळूची पोती बसवून डबा पाठवला होता. पहिल्या फोटोत पोती बाकांवर होती. पुढच्यात खाली. त्यापुढच्यात दाराशी ढीग. डबा सगळ्यांत सरळ.

"पोती कुणी हलवली, असं मी तेव्हा विचारलं होतं," वहिनी म्हणाली. "सगळे म्हणाले, आम्ही नाही."

शेवटच्या फोटोत दार उघडं होतं आणि एक पोतं कमी होतं.

त्या दाराची नवी कडी नंतर मीच बसवली होती, जुनी झिजली असेल असं समजून. आज सगळा वेळ मी त्याच दाराला टेकून उभा होतो.