दैवशालाची पारख

भूमच्या बाजारात खव्याच्या पाट्या मांडल्या की गिऱ्हाईक आधी विचारतं, हरणाबाईच्या भट्टीचा कुठला? हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवायला सांगते असं कुणाला वाटलं तर वाटू द्या, खवा काही त्यानं कडू होत नाही.

पण त्याच भट्टीनं माझी छाती खाल्ली. लग्न होऊन आले तेव्हापासून बाभळीच्या धुरात बसून दूध आटवलं. धाराशिवच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "आजी, विडी ओढता काय?"

मी म्हणलं, "विडी भट्टी ओढती सायेब, मी निस्ती तिच्यासमोर बसते."

डॉक्टर हसले, पण तोंडात मारायचा पंप लिहून दिला, धुरापासून लांब राहा म्हणाले, आणि रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवा म्हणाले.

तिथं माझ्या थोरल्यानं, वैजनाथनं, डाव साधला. तो पुण्याला कंपनीत आहे आणि मला तिकडं नेऊन बसवायचं त्याच्या मनात कधीपासूनचं. दिवाळीला आला तो मनगटावर बांधायचं काळं घड्याळ घेऊनच. त्या घड्याळाच्या पोटाखाली तांबडा उजेड लागतो. तो उजेड कातड्यातून रक्त बघतो आणि ऑक्सिजनचा आकडा सांगतो. आकडा धाकट्या सुनेच्या फोनवर येतो, आणि तिथून पुण्याला. वैजनाथनं अट घातली. आकडा नव्वदच्या वर राहिला तर आई तू इथं. खाली आला, किंवा आलाच नाही, तर मी गाडी घेऊन येणार आणि तुला घेऊन जाणार. मी कबूल केलं. रोज सकाळी चौऱ्याण्णव, पंच्याण्णव जायचा, आणि मी भट्टीपुढं बसायला मोकळी. डॉक्टरांचं धुराचं बोलणं मी सोयीनं विसरले होते.

पुण्यात वाईट काही नाही हो. तिथली थोरली सून गुणाची, जेवण वेळेवर. पण खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. दिवसभर टीव्ही, आणि टीव्हीतल्या बायकांना कितीही बोललं तरी त्या मनावर घेत नाहीत. माणसाला बोलायला माणूस लागतं, आणि मला तर ऐकून घेणारं लागतं.

ऐकून घेणारी म्हणजे माझी धाकटी सून, दैवशाला. माहेर बेंबळीचं. माझा बब्रुवान खवा घेऊन एसटीनं सोलापूरला जातो, घरची भट्टी आम्ही दोघी बघतो. आली तेव्हा हिला म्हशीच्या कुठल्या अंगाला बसून धार काढायची ते माहीत नव्हतं. मी चारचौघींत म्हणलं होतं, सून आणली का पाहुणी आणली? ती बोलत नाही, बघत बसते. तिच्या त्या बघण्याचा मला आधी राग यायचा.

मग एका उन्हाळ्यात आमचं दूध कढईतच नासायला लागलं. मी उन्हाला बोलले, कढईला बोलले, दूध घालणाऱ्या घराघरावर संशय घेतला. दैवशालानं काय केलं, तर प्रत्येकाचं दूध वेगळ्या पातेलीत घेतलं आणि एकेक करून चुलीवर तापवून बघितलं. एकाचंही नासलं नाही. मग म्हणाली, आता आपल्या किटल्या बघू. आमच्याच मोठ्या किटलीच्या झाकणाच्या काठात जुनं दूध धरून बसलेलं. तिनं काडीनं कोरून काढलं आणि मला वास दिला. त्या दिवशी मला कळलं की ही पोरगी कुणावर आरोप करायच्या आधी सगळं सुटं करून बघती. तिला मी तसं बोलून दाखवलं नाही. सुनेची स्तुती तोंडावर केली तर भाकरी जाड होते म्हणतात.

तर ते घड्याळ. माघात एका सकाळी बघते तर घड्याळाचं तोंडच बदललेलं. अंक वेगळे, चित्रं वेगळी, आणि ऑक्सिजनचं चित्र गायब. दैवशाला म्हणाली, ह्याला अपडेट आलंय आत्या. म्हणजे घड्याळाच्या कंपनीनं परस्पर त्याचं डोकं बदलून टाकलं. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही.

पुण्याला आकडा गेला नाही, तसा वैजनाथचा फोन आला. त्यानं फोनवरून दैवशालाला सगळं सांगितलं, आणि खरं सांगायचं तर नीट सांगितलं. अपडेटनं ऑक्सिजनचं मोजणं बंद करून ठेवलं होतं, परवानगी नव्यानं मागत होतं. तिनं ती दिली, घड्याळ बंद करून चालू केलं, आणि चित्र परत आलं. मग घड्याळानंच एका हाताचं चित्र दाखवलं. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर, दोन बोटं सोडून, घट्ट बांधा. दैवशाला लिहिलेलं वाचती आणि लिहिल्याप्रमाणं करती. तिनं माझ्या बांगड्या वर सारल्या आणि घड्याळ चित्रात होतं तसं चढवलं.

घड्याळावरचं चक्र फिरत राहिलं. शेवटी म्हणालं, मोजता आलं नाही, हात स्थिर ठेवा.

हात मी उशीवर ठेवला. श्वाससुद्धा बेतानं घेतला. परत तेच. तिसऱ्यांदा आकडा आला तो ब्याऐंशी.

मी शाळेत दुसरीच्या पुढं गेले नाही, पण आकडे मला येतात. आणि तो ब्याऐंशी आमच्या हातात थांबला नाही, आपोआप पुण्याला गेला. लगेच वैजनाथचा फोन. घाबरला होता. मला धाप लागली का, ओठ निळे दिसतात का, असं सगळं विचारलं. दैवशालानं माझ्याकडं बघून सांगितलं, न्हाय, आत्या दोन भाकरी खाऊन बसल्यात. तरी तो म्हणाला, उद्या रविवार आहे, मी येतोय, आईचं सामान भरून ठेव.

फोन ठेवल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. घड्याळाला बोलले, कंपनीला बोलले, पोटच्या पोराला बोलले. दैवशालानं माझी पिशवी काढली नाही. तिनं माझ्या हातातलं घड्याळ सोडलं, स्वतःच्या डाव्या हाताला बांधलं आणि गप बसली. अठ्ठ्याण्णव.

"घड्याळ धड हाय," ती म्हणाली.

मग तेच माझ्या उजव्या हाताला बांधलं. उजवा हात माझा कामाचा, त्याला मी काही बांधू देत नाही, पण त्या वेळी मी गुमान दिला. पंच्याण्णव आला. परत डाव्या हाताला बांधलं. मोजता आलं नाही.

तिनं माझे दोन्ही हात मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "आत्या, एका अंगात दोन रक्तं असत्यात व्हय?"

मी म्हणलं, "माझ्या अंगात काय बी असंल."

ती हसली नाही. दोन्ही हात उलटसुलट करून बघत होती, पातेल्या बघत होती तशीच. मग डाव्या हातावरच्या बांगड्या आणखी वर सरकवल्या आणि तिचं बोट थांबलं ते माझ्या गोंदणावर.

माझ्या डाव्या हातावर तुळस गोंदलेली आहे. मी परकरी होते तेव्हा जत्रेत गोंदवून घेतली. गोंदणारीनं विचारलं बारीक काढू का ठसठशीत, तर माझी आई म्हणाली ठसठशीत, पोरगी रडली तरी थांबू नका. मी रडले नाही. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बाईबरोबर वर जातं, म्हणून आईनं ती भरीव करून घेतली होती. इतकी वर्षं झाली, हिरवी गर्द आहे. तिचं वृंदावन मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सुरू होतं.

"चूक माझी हाय," दैवशाला म्हणाली. "आधी तुम्ही घड्याळ बांगड्यांच्या खाली, पंजाच्या अंगाला बांधत होता. चित्रात दाखवलं म्हणून म्या वर बांधलं. उजेड कातड्यात शिरायचा तर हितं शाईच आडवी येती. आपुन अपडेटला बोलतोय, पर जागा म्या बदलली."

असं म्हणायला छाती लागते. माझ्या तोंडून आजवर कुणी असं वाक्य ऐकलं असेल तर त्यानं पुढं यावं.

तिनं घड्याळ खाली ओढलं, वृंदावनाच्या पायरीच्या खाली, कोऱ्या कातड्यावर. पंच्याण्णव. अर्धं बोट वर सारलं, वृंदावनावर. मोजता आलं नाही. परत खाली घेतलं. पंच्याण्णव. जग तुळशीला हात जोडतं आणि ह्या घड्याळाला तुळशीचं वावडं निघालं.

मी म्हणलं, लाव पुण्याला फोन. ती म्हणाली, थांबा, घड्याळ खरं का खोटं ते घड्याळालाच विचारून कसं चालंल? आमच्या गावच्या आशा वर्कर सोनालीकडं बोटाला लावायचा चिमटा आहे. तिला बोलावलं. ती आली, चिमटा लावला, त्यातही पंच्याण्णव. दोघांची साक्ष जुळली. आता माझ्या मते विषय संपला होता. मी उठून कढईकडं निघाले, दुपारचं दूध उतू चाललं होतं.

दैवशालानं सोनालीला जाऊ दिलं नाही. म्हणाली, आत्या भट्टीपाशी बसतीलच, तर तिथं बी एकदा बघू.

मला ते आवडलं नाही. मी म्हणलं, खटला जिंकल्यावर परत कोर्टात कोण जातं? तरी बसले. उलथनं हातात घेतलं आणि रोजच्यासारखं दूध हलवत राहिले. धूर त्या दिवशी माझ्या अंगावरच येत होता. खवा गोळा व्हायला लागला तेव्हा तिनं माझ्या हातातलं उलथनं घेतलं, मला हात मांडीवर ठेवायला लावला. एकोणनव्वद. चिमट्यात अठ्ठ्याऐंशी. पंप मारून, अंगणात बराच वेळ बसून परत बघितलं तर चौऱ्याण्णव.

सोनाली जमिनीकडं बघत होती. मी दैवशालाला हळू म्हणलं, "मघाचा धाड. ह्यो राहू दे."

"दोन्ही खरं हायती, आत्या. दोन्ही धाडणार."

"मग तर तो मला नेणारच. तुला तेच पाहिजे व्हय?"

तिनं उलथनं कढईच्या काठावर आडवं ठेवलं. "दुधात वाटीभर पाणी निघालं तर तुम्ही आजवर कुणाला सोडलंय?"

सोनालीनं पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड लपवलं, हसत होती मेली.

दैवशालानं धाराशिवच्या डॉक्टरांना फोन लावून दोन्ही आकडे सांगितले. ते म्हणाले, तातडीनं दवाखान्यात आणायची वेळ नाही, दोन दिवसांत आणून दाखवा, पण आजींचं धुरात बसणं आजपासून बंद. मग तिनं वैजनाथला सगळं जसंच्या तसं कळवलं, गोंदणासकट, स्वतःच्या चुकीसकट.

तो रविवारी आलाच. आल्या आल्या माझा हात हातात घेऊन गोंदण बघितलं. लहानपणी त्याच तुळशीवर बोट फिरवत झोपायचा तो. मग भट्टी बघून आला आणि म्हणाला, ब्याऐंशी चुकीचा होता हे मला पटलं, पण एकोणनव्वद खरा आहे ना? मग तू इथं राहून करणार काय? भट्टी तुझ्यानं सुटणार नाही.

उत्तर नसताना मी ओरडते, तशी ओरडायला तोंड उघडलं, तर दाराआडून दैवशाला बोलली. फोनवरचं सोडलं तर थोरल्या दिरासमोर तिनं आजवर चहाचं विचारण्यापलीकडं शब्द काढला नव्हता. पदर डोक्यावर, आवाज हळू, पण एकही शब्द गिळला नाही.

"दादा, उलथनं आजपासून माझ्या हातात. आत्या वरच्या अंगाला, धूर येत न्हाय त्या बाजूला ओट्यावर बसतील. दूध घेणं, पारखणं त्यांच्याकडं. खवा उतरवायच्या आधी चिमूटभर त्यांच्या हातावर नेऊन देईन, त्या म्हणल्या उतरव तरच उतरवीन. ओट्यावरचा आकडा तुमाला सकाळी धाडते तसा दुपारी बी धाडीन. तो नव्वदच्या खाली आला तर म्या सोता आत्यांना एसटीत घालून पुण्याला आणते. तुमी गाडी काढायची गरज न्हाय."

माझ्या भट्टीपुढून मला उठवलं होतं, आणि ज्या पोरीनं उठवलं तिनंच मला घरात ठेवून घेतलं होतं. तिनं एकोणनव्वद लपवला असता तर मी तिच्यावर खूश झाले असते, आणि तिचा पंच्याण्णव वैजनाथनं खरा मानला नसता. एवढं गणित मलाही येतं. तिला ते माझ्या आधी आलं होतं, भट्टीपाशी मोजायच्या आधीच.

शेवटी वैजनाथ माझ्याकडं वळला. या घरात कुणी कुठं राहायचं, कुणी काय करायचं हे आजवर मी ठरवत आले. त्यानं त्याच सवयीनं विचारलं, "मग आई, तू काय ठरवलंस?"

मी बांगड्या खाली सारल्या. म्हणलं, "मला काय विचारतोस? तिला विचार."