शोभा घालवणारी फळी

मी फळी बोलतेय. सेलोचं आत्मवृत्त ऐकायला आला असाल, तर तुमचा हिरमोड होईल. पण त्याला गाता येतं. बोलायची गरज मला आहे.

माझं तारुण्य स्वयंपाकघरात, डब्यांखाली गेलं. मग घरातली मुलगी सेलो, म्हणजे थोराड व्हायोलिन, शिकू लागली. ते धूड गुडघ्यांत धरायचं आणि त्याच्या बुडाचा लोखंडी सुळा जमिनीवर टेकवायचा. फरशीवर तो सटकायचा. तिच्या आत्याने मला भिंतीवरून उतरवून एक भोक पाडलं. खुर्चीचे पुढचे पाय माझ्या एका टोकावर, सुळा समोरच्या भोकात. झालं काम! मुलगी उंच होत गेली, तशी आत्या पुढे पुढे भोकं पाडत गेली.

आणि एकदा तिला अख्ख्या वाद्यवृंदापुढे एकटीने वाजवायची संधी मिळाली. संगीत युरोपातल्या रोमँटिक काळातलं. म्हणजे आधी सगळ्यांनी मिळून उसासे टाकायचे, मग आभाळ डोक्यावर घ्यायचं.

सभागृहाचे व्यवस्थापक मला बघून कडाडले, "हे लाकूड कुठे आणलंस? कालच रंगमंचाला पॉलिश केलंय. शोभा जाते!"

"काका, त्याच्याशिवाय सेलो सटकतो."

"एवढं शिकलीस, धरून ठेवता येत नाही?"

वाद्यवृंदाचे संचालक स्वरलिपीची पानं चाळू लागले. मुलीने मला पडद्याआड नेऊन ठेवलं.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. भाषणाच्या उंच टेबलामागे उभे राहिले, तर दिसेनासे झाले.

"अरे, ती मघाची फळी आणा!"

माझी शोभा तत्काळ परत आली. मला टेबलाच्या खालच्या दांड्यांत अडकवून पायरी केली. माझ्यावर बूट रोवून पाहुणे गरजले, "तरुण कलाकारांना आधार देणं हे आपलं कर्तव्य आहे!" टाळ्या. मग टेबल कडेला सरकवलं, माझ्यासकट.

वादन सुरू झालं आणि ऐन उसाशात सुळा सटकला. सेलो घसरला, सूर किंचाळला. ती थांबली. संचालकांचा हात हवेतच राहिला. खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले.

तिने सेलो आडवा ठेवला आणि सरळ टेबलाकडे आली.

पडद्याआडून व्यवस्थापक फिसकारले, "आत्ता? लोक बघताहेत!"

"म्हणूनच. काका, टेबल उचला."

त्यांनी उचललं. तिने मला ओढून खुर्चीखाली सरकवलं. पहिल्या रांगेतून आत्या ओरडली, "शेवटचं भोक गं!"

तिने पहिल्यापासून वाजवलं. तारांची थरथर सुळ्यातून माझ्या अंगात उतरली. इतकी वर्षं डबे सांभाळले. एकाही डब्याने असं काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाहुण्यांचा. खाली ओळ, 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व'. फोटो गुडघ्यांपाशी कापलेला.

असो. तिला पुढचं बोलावणं आलंय आणि मी दाराशी तयार उभी आहे. व्यवस्थापकांनो, पॉलिश खुशाल करा. पाहुण्यांनो, तुमच्या उंचीची सोय तुमची तुम्ही बघा. मी कामात आहे.