बाझीलचा सदरा

ओर्तांस कुणावर चटकन विश्वास ठेवणारी बाई नव्हती. बाजारात लोणी घेताना ती वरचा थर बाजूला सारून खालचं चाखायची. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला तरी तो पुरता दिला की आटोपता घेतला, इकडे तिचं लक्ष असायचं. नवरा म्हणायचा, हिला स्वर्गात नेलं तर आधी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघेल. अशा बाईने आपल्या पोटच्या पोराचा सदरा दुसरीच्या हाती दिला होता. ती दुसरी आज सकाळी सहा वाजता तो कापडात गुंडाळून थोरल्या मठाच्या दारातून निघाली होती, आणि ओर्तांस सफरचंदाच्या बागेआडून तिच्या मागे चालत होती.

बाझील ऑगस्टमध्ये तीन वर्षांचा होणार होता आणि अजून एक पाऊल टाकत नव्हता. शेजारची दीड वर्षाची पोर कोंबड्यांमागे धावायची. बाझील उंबऱ्यात बसून टाळ्या वाजवायचा. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. वाट बघून ओर्तांसचे डोळे कोरडे पडले. शेवटी सासूने जुना उपाय केला. वाडगाभर तीर्थात आयव्हीची पानं सोडली, एकेका पानाला एकेका संताचं नाव दिलं आणि वाडगा रात्रभर झाकून ठेवला. सकाळी धाकट्या मठाच्या संताचं पान डागाळलं होतं.

म्हणजे जायचं तिथेच. थोरल्या मठातून निघायचं, बारा किलोमीटर चालत धाकट्या मठाच्या पडक्या भिंतींपाशी पोचायचं, तिथल्या झऱ्यात पोराचा सदरा बुडवायचा आणि ओला असतानाच त्याच्या अंगावर घालायचा. वाट सोपी, नदीकाठची, सपाट. पोटुशी बाईसुद्धा जेवायच्या आत पोचेल. अट एकच. वाटेत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. तोंड उघडलं की सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून. ज्यांच्या घरी गुरं-वासरं असतात ते लोक हे काम फेलिसीबाईंवर सोपवतात. साठीच्या, एकट्या, वाळक्या. गावातल्या निम्म्या पोरांसाठी त्या चालल्या होत्या.

पण फेलिसीबाई दूधडेअरीच्या गाडीत दिसल्या होत्या! एकदा नव्हे, तीनदा. आणि चालून आलेल्या बाईचे जोडे इतके स्वच्छ कसे, असं भाकरीवालीने भर दुकानात विचारलं होतं. ओर्तांसला तेवढं पुरे झालं. पोराला सासूच्या ओटीत टाकून ती अंधारातच बाहेर पडली.

शेवटचं घर मागे पडलं तशा फेलिसीबाई खाली बसल्या आणि त्यांनी जोडे काढले. मोजेही काढले. जोडे दोरीने गळ्यात अडकवले आणि अनवाणी चालू लागल्या.

‘बघा, जोड्यांचे तळ झिजू नयेत म्हणून!’ ओर्तांस मनात म्हणाली. ‘कंजूस कुठली.’

पुढे एक गुराखी भेटला. त्याने टोपी काढून विचारलं, “काय फेलिसीबाई, आज कुणाचं पोर?” बाई मान हलवून पुढे गेल्या. ओर्तांसला तेही खटकलं. मान हलवणं हे बोलण्यात धरायचं की नाही? पाद्रीबाबांना विचारायला हवं. एका नासपतीच्या झाडाखाली बाई थांबल्या, पाय वर करून टाचेतला काटा उपसला, रक्त गवताला पुसलं. ओर्तांसला क्षणभर वाईट वाटलं. मग तिला वाटलं, आता पाय दुखतोय म्हणजे ही नक्की गाडी पकडणार.

आणि तसंच झालं. नदीकाठची वाट सरळ जात असताना फेलिसीबाई एकदम डावीकडे वळल्या, डांबरी रस्त्याकडे. त्याच वेळी लांबून डेअरीच्या गाडीतल्या दुधाच्या कॅनांचा खणखणाट ऐकू आला.

ओर्तांसच्या डोक्यात तिडीक गेली. कुंपण ओलांडताना घागरा फाटला, तिकडे तिने पाहिलंही नाही.

“फेलिसीबाई! कुठं निघालात? पकडलं की नाही तुम्हाला!”

म्हातारी गर्रकन वळली. शेतात उभी असलेली, केस विस्कटलेली, धापा टाकणारी आई तिने पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. सदऱ्याचं गाठोडं तिने छातीशी आवळलं.

“पोराला काय झालं? अगं बोल ना! काय झालं बाझीलला?”

ओर्तांसचं तोंड उघडंच राहिलं. मग दोघींनाही एकदमच कळलं की काय होऊन बसलंय.

“काही नाही झालं,” ओर्तांस कशीबशी म्हणाली. “बरा आहे तो.”

“मग तू इथं काय करतेस?”

“मला वाटलं... तुम्ही गाडीत बसणार.”

फेलिसीबाईंनी हात करून नदीकडे दाखवलं. ओढ्यावरचा साकव पुराने नेला होता, नुसते दोन खुंट उभे होते. “वळसा घालून जावं लागतं आता. शंभर पावलं रस्त्यानं, मग पुन्हा खाली. आणि गाडीनं मी येते ती परतताना. सदरा वाळायच्या आत पोराच्या अंगावर नको चढायला? तुझ्यासारखी शंकेखोर बाई मी पाहिली नाही गं, ओर्तांस! निम्मी वाट झाली होती माझी.”

फेलिसीबाई रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. उजवी टाच सुजून लाल झाली होती. ओर्तांस त्यांच्यासमोर उभी होती आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की ती रडूही शकत नव्हती. पोराचं नशीब तिने स्वतःच्या तोंडाने हाणून पाडलं होतं.

“पुन्हा जमेल तुम्हाला?” तिने विचारलं.

“या पायानं? पंधरा दिवस तरी नाही.”

“मग मी चालते.”

फेलिसीबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. “तू? तू चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी गप्प बसत नाहीस.”

“पोराची शपथ.”

म्हातारीने गाठोडं पुढे केलं. “जोडे काढायचे. पोराला पावलं मागायला जायचं तर मातीला पाय लागायला हवेत. आणि थोरल्या मठाच्या दारातूनच सुरुवात करायची. मागे जायला गाडी चालते, पुढे जायला नाही.”

डेअरीच्या गाडीवाल्या अर्सेनने दोघींना गाडीत घेतलं. त्याला काही सांगितलं नाही, पण तो सबंध वाट आरशातून मागे बघत राहिला. थोरल्या मठाच्या दारात ओर्तांस उतरली, जोडे काढून गळ्यात अडकवले आणि निघाली. ऊन वर आलं होतं. बारीक खडी तळव्यांना अशी टोचत होती की पहिल्या दहा पावलांतच तिच्या जिभेवर दोन शिव्या आल्या. तिने त्या गिळल्या.

भाकरीवाली दुकानाच्या पायरीवर उभी होती.

“अगंबाई, ओर्तांस! अनवाणी? आणि ही फेलिसीबाई गाडीत काय करतेय? तुझं पोर चाललं का गं?”

ओर्तांसने ओठ घट्ट मिटले. आजवर कुणी तिला असं विचारलं असतं तर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. फेलिसीबाईंची बाजू घ्यावी, ही अनवाणी मरमर चालते, तुझी जीभ झडो, असं ओरडून सांगावं, असं तिला फार वाटत होतं. डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीवर आलं. तिने ते पुसलंही नाही. गाठोडं काखेत मारून ती चालत राहिली.

“काहीतरी लपवतेय बघ ही,” भाकरीवाली मागे अर्सेनला म्हणाली, चांगली ऐकू जाईल अशी. “सरळ माणूस असं गप्प बसतं का?”