झुंबर पडला, मोडला

"कळलं! खोली नंबर अकराचं सगळं कळलं!"

मौनानंद महाराज ओरडले आणि चंदनबाग पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या शंभरएक माणसांनी एकदम हात जोडले. नाव मौनानंद, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. संस्थानिकांच्या जुन्या मखमली कोचावर मांडी ठोकून ते बसले होते आणि डोक्यावर हॉटेलची शान असलेलं भलंमोठं काचेचं झुंबर लखलखत होतं.

"माउली, तुमचा जावई दारू पितो. हे तुम्ही नवऱ्यालाही सांगितलं नाही!"

"नव्हतंच हो सांगितलं!" अकरा नंबरची बाई हुंदके देत म्हणाली. "कागदावर लिहिलं नि जाळून टाकलं!"

शेजारी बसलेल्या नवऱ्याला ते आत्ताच कळलं होतं. तो बायकोकडे असं काही बघत होता, की तिला घरी गेल्यावर महाराजांची पुन्हा गरज पडणार हे उघड होतं.

मागच्या रांगेत निकिता दात-ओठ खात बसली होती. ती नाशिक रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. शेजारी तिची आई, विंचूरची बयाबाई, डोळे मिटून जप करत होती. निकिताचा धाकटा भाऊ नऊ दिवसांपूर्वी टाकीच्या शिडीवरून पडला होता. त्याचं नाव झुंबर, आजोबांचं ठेवलेलं. मणक्याचं हाड मोडून नसेवर दाब आला होता. डॉक्टर स्नेहल पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "लगेच ऑपरेशन करू. जितका उशीर, तितके पाय हातचे जातील." पण बयाबाई हटून बसली. आधी महाराजांचा कौल, मग सही. दवाखान्यात पडलेला झुंबरही म्हणाला, "आई म्हनंल तसं." आणि महाराजांचा नियम असा, की जो या हॉटेलात मुक्काम करील त्यालाच कौल. आधीच्या आठवड्याच्या खोल्या भरलेल्या, म्हणून नऊ दिवस गेले. बयाबाईने गळ्यातली पोत मोडून खोली घेतली. त्या नक्षीदार पलंगावर तिला बसायचीही भीती वाटली. ती खाली गालिच्यावरच बसली.

काल दुपारी महाराजांचा सेवक यादव चांदीच्या तबकात कोरं पॅड आणि बॉलपेन घेऊन आला होता. "मनातलं दुःख लिहा. चांगलं दाबून लिहा, म्हणजे देवापर्यंत पोचतं. मग पान फाडून तुमच्याच हाताने जाळा. कोणी वाचणार नाही."

चौथी शिकलेल्या बयाबाईने जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरलं. झुंबर वरून पडला, मोडला, काय करू. पान जाळलं. यादवने राख तिथेच ठेवली, आणि उरलेलं कोरं पॅड मात्र अलगद उचलून नेलं, आशीर्वादासाठी म्हणे. निकिताच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. राख सोडून कोऱ्या कागदाला कशाला आशीर्वाद?

"खोली नंबर सात!" महाराज गरजले.

बयाबाई पुढे धावली आणि पायांवर पडली.

महाराजांनी डोळे मिटले, मान गदागदा हलवली. "दिसतंय... काच दिसतेय... माई, तुमच्या घरात झुंबर पडलं! मोडलं! बरोबर?"

"पडला, महाराज," बयाबाई रडत म्हणाली. "लय उंचावरून पडला."

"पडलं म्हणा, माई. तिथूनच घराला दोष लागला. मोडकी वस्तू घरात ठेवू नये. त्यावर पैसा घालवू नका. सरळ भंगारात घाला आणि नवीन आणा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "वा!" म्हणालं.

बयाबाईचं रडणं थांबलं. तिने मान वर करून आधी महाराजांकडे आणि मग छताकडे बघितलं.

"झुंबर माझा पोरगा हाय," ती म्हणाली. "पोरगा भंगारात घालू?"

महाराजांनी एकदा घसा खाकरला. "माउली, झुंबर म्हणजे... कुळाचा दिवा! आम्ही सूक्ष्म अर्थाने—"

"मग कुळाचा दिवा भंगारात घालायचा का?" निकिता पुढे येत ओरडली. "तुम्ही वाचलंत, आणि चुकीचं वाचलंत! आईने 'पडला' शुद्ध लिहिलं होतं. तुम्ही खेडूत बाईची चूक समजून सुधारलंत!"

प्रसाद म्हणून परत द्यायची पॅडं तबकात रचली होती. सात नंबरचं तिने ओढलं, पर्समधून शिसपेन्सिल काढून आडवी धरली आणि कोऱ्या पानावर हलक्या हाताने घासत सुटली. काळ्या रंगात पांढरी अक्षरं उमटली. झुंबर वरून पडला, मोडला, काय करू.

"वरचं पान दाबून लिहिलं की खालच्या पानावर खळगे पडतात. टॉर्च तिरपा धरला की नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच. पाचवीतली पोरं करतात हे!"

यादव मागच्या दाराने पसार झाला होता. अकरा नंबरच्या बाईने आपलं पॅड उचलून छातीशी धरलं.

बयाबाईने मात्र ते काळं झालेलं पान फाडून घेतलं, नीट घडी घातली आणि म्हणाली, "निके, चल. सही करायची हाय."

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. डॉक्टर स्नेहल बाहेर आल्या तेव्हा बयाबाई उभी राहिली.

"मावशी, तो बसेल. चालेल असं मात्र मला वाटत नाही. पहिल्या दिवशी सही केली असतीत तर बरीच आशा होती."

बयाबाईला रडूही आलं नाही. संध्याकाळी झुंबरने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "आई, म्हाराज काय म्हनले?"

"त्याला काय कळत व्हतं, बाळा," ती म्हणाली. "म्याच त्याला लिहून दिलं व्हतं."

बाबांनो, बायांनो, चमत्काराला हात जोडण्याआधी एवढंच विचारा, तुला कळलं कसं? आणि दुखण्यात डॉक्टरचं ऐका, पहिल्याच दिवशी. महाराज पुढच्या गावी नवीन पॅड विकत घेतील. झुंबरचे नऊ दिवस कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.