तीन वर्षं इथेच

मनगटी घड्याळातला सर्वांत लहान स्क्रू तिळाच्या पाव भागाएवढा असतो. एका शिंकेसरशी तो किती लांब उडतो हे घड्याळवालीने पट्टी लावून मोजलं होतं: दीड मीटर. लागोपाठ तीन शिंका आल्या, तर गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवायचं.

गवत फुलोऱ्यावर आलं की दोन महिने हेच. जुन्या गोळीने शिंका थांबत, पण डोळ्यांवर झापड येई. नवी गोळी झोप आणत नसे, आणि शिंकाही फारशा थांबवत नसे. नाकात मारायचा फवारा होता. तो ती नाक चोंदल्यावर शोधायची.

"चुकतं ते तिथेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो मोसमाआधी दोन आठवडे सुरू करायचा, रोज. आणि पुरलं नाही तर इंजेक्शनं. त्याच परागकणांची, मात्रा हळूहळू वाढवत. मोसम संपला की सुरू करू. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. टोचल्यावर अर्धा तास इथेच बसायचं, काही त्रास होतोय का ते आम्ही बघतो. तीन वर्षं लागतात. इथेच असाल ना?"

तिने भिंतीवरचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं.

"घरी विचारून सांगा हवं तर."

"घरी चौदा घड्याळं आहेत," ती म्हणाली. "एकाचं दुसऱ्याशी पटत नाही."

आई गेल्यापासून भावाने शहरातल्या आपल्या घरी तिच्यासाठी खोली रिकामी ठेवली होती. ती दर रविवारी फोनवर 'बघू' म्हणे. त्या 'बघू'ला आता चौथं वर्ष लागलं होतं. निघायचंच आहे म्हणून तिने शेजारणीशी ओळख वाढवली नाही, खुर्ची एकच ठेवली. आणि निघालीही नाही. या सगळ्या वर्षांत अर्धा तास कुणी तिच्याकडे बघत बसलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर बसून तिने फोन लावला.

"ताई? आज कसा काय? रविवार कुठे आहे?"

"सहजच."

"नाक गळतंय वाटतं. किती वेळा सांगू, इकडे ये. औषधाला गवत सापडणार नाही, सगळं सिमेंट. कधी निघतेस?"

तिने रुमालाने नाक पुसलं.

"अरे, ती खोली मुलांना देऊन टाक," ती म्हणाली. "मी येत नाही. मी इथेच राहणार आहे."