जाळी परवडत नाई

मालक, सुलोचनाबाईचा हात पट्ट्यानं नाही, तुम्ही तोडला. पट्ट्याला डोकं नसतं. तुम्हाला होतं, आणि तुम्ही ते चालवलं.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. पुलगावच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी घडले. तिथून मला रोहण्याच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये आणलं. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्राचा पट्टा गरगर फिरतो, त्याच्यापुढे मला नट आवळून बसवलं. माझं काम एवढंच, माणूस अलीकडे, पट्टा पलीकडे. पाहणीला कुणी आलं की मला पिवळा रंग फासायचे, कौतुक करायचे. सुलोचनाबाई माझ्याशेजारी कापूस लोटायची. सुट्टीत डब्याची पिशवी माझ्याच कोपऱ्याला अडकवायची.

मग अच्युत साहेब मॅनेजर म्हणून आले. पट्टा घसरला की आधी मला खोलावं लागे, तेवढा वेळ यंत्र बंद. साहेबांनी खर्च आणि फायदा तोलला, आणि मालक, तुम्हाला फोन लावला. तुम्ही हो म्हणालात.

"बंडूजी, जाळी काढा. परवडत नाई," ते फिटरला म्हणाले.

"साहेब, लुगडं ओढून घेईन ना हा पट्टा!"

"पदर खोचून ठेवाचा. हिशोब करून पाह्यला मी."

सुलोचनाबाई म्हणाली, "पट्ट्याले हिशोब येते काय, साहेब?"

सगळे हसले. बंडूजींनीही हसत पाना लावला. मी आवारातल्या भंगारात गेले.

माल खरंच जास्त निघाला. हिशोब बरोबर होता, हेच तर वाईट.

दिवाळीनंतरच्या गर्दीत तिचा पदर सुटला. पट्ट्यानं पदर ओढला, पदरामागे हात. किंकाळी मला भंगारात ऐकू आली. मी काय करणार, लोखंड मी. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

आता तरी परत बसवतील, असं वाटलं. बंडूजी मला उचलायला आलेही. अच्युत साहेबांनी हटकलं, "राहू द्या. भरपाई देऊनही फायदाच राह्यते."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कारखाने चालवाल, खर्च-फायदा तोलाल. जरूर तोला. पण माणसाचं अंग त्या तराजूत टाकू नका. एवढंच मागते. कुणी ऐकेल, अशी आशा मात्र उरली नाही.

भरपाईचाच भाग म्हणून सुलोचनाबाईच्या सुनेला, मेघाला, आज त्याच उघड्या पट्ट्याजवळ कामाला लावलंय. मालक, तिचा कोणता हात धरलाय हिशोबात, डावा की उजवा? बोला.