खांबापर्यंत

दर्शनाचा गुडघा खांबापाशीच गेला. खो-खोच्या मैदानात दोन्ही टोकांना लाकडी खांब असतात. पळती खांबाला वळसा घालून निसटू लागली, की एका हाताने खांब धरून तिच्यावर झेप घ्यायची, ही दर्शनाची हुकमी चाल. त्या दिवशी झेप घेताना तिचा पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं. गुडघ्यातला तो आवाज मला मैदानाबाहेर ऐकू आला.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, "चालेल, जिने चढेल. खो-खो मात्र विसरा." कुमारी, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलींच्या गटातलं तिचं एकच वर्ष उरलं होतं. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात नाव आलं नसतं, तर तिचा खेळ तिथेच संपला असता.

मी शाळेतून निवृत्त झाले तरी मांडवीच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना खेळवते. एक दिवस दर्शना कुबड्या टेकत आली.

"बाई, मी आता काय करू?"

"खेळ."

"कशानं खेळू?"

मी एक खुर्ची उचलली आणि एका पाटीवर, म्हणजे पाठलाग करणाऱ्या मुली ओळीत बसतात त्यातल्या एका जागेवर, नेऊन ठेवली. "पाय पुढे सोडून बस. डोळे मिट. मी सांगते तशी मनात पळ."

तिच्या मागे उभी राहून, मैदानावरच्या बाकीच्या मुलींची नावं घेत मी बोलू लागले. "रसिका डावीकडून आत शिरली. तुझ्याकडे पाठ आहे. खो!" खो म्हणताना पाठीवर थाप मारायची. मग ती सांगायची, "उठले. उजवी दिशा घेतली. पोचले, बाई!"

"इतक्यात? उडत गेलीस काय? टाचेखाली माती सरकली का? दम लागला का? पुन्हा."

हळूहळू तिच्या श्वासाची लय बदलू लागली. पळायची वेळ आली की चांगल्या पायाची बोटं आपोआप आवळली जायची.

तिची आई चंपा मिरकरवाड्याला मासळीवर बर्फ भरायचं काम करते. एकदा ती कामावरून थेट मैदानात आली. "काय गो, खुर्चीत बसून धावतेस? बाई, हिला भांडीपण अशीच घासायला शिकवा, मनातल्या मनात!"

"मग खरकटं पण मनातच राहील, काकी," रसिका म्हणाली. सगळ्या हसल्या. चंपाने हसता हसता पदर डोळ्याला लावला, तेवढं मी पाहिलं. करताना दुखतं म्हणून दर्शनाने गुडघ्याचे व्यायाम टाळले, तर चहा न देणारीही हीच चंपा.

बऱ्याच आठवड्यांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पळती कुठेही जावो, दर्शना खांबाआधीच्या शेवटच्या पाटीपर्यंत पळायची आणि तिथे बसणाऱ्या जनीला खो द्यायची. एकदा मी मुद्दाम म्हणाले, "रसिका जनीला ओलांडून गेली. खांबाकडे चालली आहे."

"जनीला खो दिला."

"रसिका पुढे आहे, दर्शना."

"मग... सुटली ती."

"तू मनातसुद्धा खांबापर्यंत जात नाहीस."

तिने डोळे उघडले. "तिथे गेलं की तो आवाज येतो, बाई."

"येऊ दे. आवाज झाला की लगेच डोळे उघडू नकोस. कुठे चुकलं ते बघ. पाय आधी रोवलास, हात नंतर लावलास. आता हात आधी. पावलं लहान."

त्या दिवशी ती खांबाजवळ जाऊन परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी घाई केली नाही. भीतीवर ओरडलं की ती लपते, जात नाही. मुलांकडूनच मी हे शिकले. मग एका संध्याकाळी डोळे मिटलेले असतानाच ती म्हणाली, "गेले, बाई. खांब गार लागला."

पुढे डॉक्टरांनी गुडघा नीट तपासून बेताने पळायची परवानगी दिली. पहिल्या दिवशी तिचा वेग पाहून धाकट्या मुलीसुद्धा तिला चुकवून गेल्या. "गोगलगाय आली गोगलगाय!" म्हणून चिडवलं त्यांनी. पण कोणती पळती कुठे वळणार, हे दर्शनाला आधी कळत होतं. वेग मागाहून आला.

जिल्हा संघाच्या निवड चाचणीत चिपळूणची एक पळती कुणालाच सापडत नव्हती. वेळ संपत आली होती. दर्शनाला खो मिळाला, तिने दिशा घेतली आणि पळती खांबाकडे निघाली. शेवटच्या पाटीवर जनी खोसाठी अर्धी उठून तयार होती. दर्शना तिच्या मागून थेट पुढे गेली.

"खो दे गो, खो दे!" चंपा ओरडली.

हात खांबाला लागला. लहान पाऊल, मग झेप. बोटं पळतीच्या खांद्याला लागली आणि ती बाद झाल्याची शिट्टी पंचांनी वाजवली. दर्शना मातीत पडली होती. मी उठून पुढे झाले, तोवर ती उभीही राहिली होती. माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती. दुसरी पळती अजून मैदानात होती आणि दर्शना तिच्यामागे सुटली होती.

चंपा शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून म्हणाली, "माझी आहे ती!"

"आमची," मी म्हणाले.

संध्याकाळी संघ पुकारला गेला, तेव्हा दर्शनाचं नाव सर्वांत आधी आलं.